पुण्याहून फ्लाइट आहे आणि दोन-तीन तास मोकळे आहेत? विमानतळाजवळच्या या शांत बागेत जाता येईल

हॉटेलचं चेक-आउट सकाळी झालेलं असतं आणि फ्लाइट संध्याकाळची असते. बाहेरगावाहून पुण्यात आलेल्या अनेकांचा मधला वेळ विमाननगरच्या एखाद्या मॉलमध्ये किंवा टर्मिनलमधल्या महागड्या कॉफीसमोर जातो. पण लोहगाव विमानतळापासून साधारण पाच किलोमीटरवर, नगर रोडला लागूनच, मोठमोठ्या झाडांचं एक शांत आवार आहे. त्याचं नाव आगाखान पॅलेस.

नाव 'पॅलेस' असलं तरी इथे जायचं ते बागेसाठी. आवार साधारण १९ एकरांचं आहे. त्यातल्या थोड्याच भागात इमारत उभी आहे, बाकी हिरवळ आणि झाडं. नगर रोडवरच्या हॉर्नच्या गोंगाटातून फाटकाच्या आत आलं की पन्नास पावलांत आवाज कमी झालेला जाणवतो. वरून मात्र विमानं जात राहतात. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ असल्याने मधूनच एखादं लढाऊ विमानही कानठळ्या बसवून जातं. शांततेला तेवढा अपवाद.

हा पॅलेस कोणी बांधला?

इस्माइली खोजा समाजाचे इमाम सुलतान मोहम्मद शाह, म्हणजे तिसरे आगाखान, यांनी १८९२ मध्ये. त्यांचा जन्म १८७७ चा. म्हणजे राजवाड्याचा मालक तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता! पुण्याच्या आसपास दुष्काळाने हवालदिल झालेल्या लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून हे बांधकाम काढलं, असं सांगितलं जातं. पुढे १९६९ मध्ये चौथे आगाखान प्रिन्स करीम यांनी ही वास्तू गांधीजींच्या स्मरणार्थ देशाला दिली. २००३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तिला राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक म्हणून जाहीर केलं.

मेट्रोने जाणाऱ्यांना या दर्जाचा एक परिणाम आजही दिसतो. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम करता येत नाही. वनाज ते रामवाडी ही मेट्रो मार्गिका आधी पॅलेससमोरून नगर रोडनेच जाणार होती. या नियमामुळे ती कल्याणीनगरमधून वळवावी लागली. येरवड्यानंतर मेट्रो नगर रोड सोडून आत का शिरते, असा प्रश्न पडत असेल तर उत्तर हे आहे.

राजवाड्यात कैदी कोण होते?

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच अटकसत्र सुरू झालं. नेत्यांना खास रेल्वेने मुंबईबाहेर काढण्यात आलं. पुणे स्टेशनवर गर्दी होईल ही भीती होती, त्यामुळे गांधीजी, सरोजिनी नायडू, मीराबेन आणि महादेवभाई देसाई यांना चिंचवडलाच उतरवून मोटारीने आगाखान पॅलेसमध्ये आणलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांच्यासह काँग्रेस कार्यकारिणीतल्या बाकीच्या बहुतेकांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. कस्तुरबांना मुंबईतच अटक झाली होती. त्या आणि डॉ. सुशीला नायर एक-दोन दिवसांनी इथे पोहोचल्या.

आणि मग १५ ऑगस्ट १९४२ ची सकाळ. अटकेला आठवडाही झाला नव्हता. महादेवभाईंना हृदयविकाराचा झटका आला आणि काही वेळातच ते गेले. वय ५०. पंचवीस वर्षं ते गांधीजींचे सचिव होते. पत्रं, भाषणांच्या नोंदी, रोजची डायरी, सगळं त्यांच्या हातचं. अंत्यसंस्कार आवारातच झाले. गांधीजी पुढे रोज त्या जागी फुलं वाहायला जात. बरोबर पाच वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला. १५ ऑगस्टला आपल्या स्टेटसवर तिरंगा असतो, महादेवभाई मात्र क्वचितच कुणाच्या स्टेटसवर दिसतात.

फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी याच इमारतीत २१ दिवसांचं उपोषण केलं. १० फेब्रुवारीला सुरू झालेलं उपोषण ३ मार्चला सुटलं. ते जगणार नाहीत असं गृहीत धरून सरकारने आतून तयारीही केली होती.

पण या जागेची सर्वांत अवघड गोष्ट कस्तुरबांची आहे. त्यांचं हृदय कमकुवत झालं होतं आणि १९४४ च्या सुरुवातीपासून तब्येत खालावत गेली. शेवटी न्यूमोनिया झाला. पेनिसिलिन तेव्हा नवं औषध होतं आणि भारतात जवळपास मिळतच नव्हतं. ते कलकत्त्याहून विमानाने मागवण्यात आलं. धाकटे चिरंजीव देवदास यांचा आग्रह होता की इंजेक्शन द्यावंच. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटलं. इतकी खंगलेली असताना तिला आणखी यातना कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. देवदास यांनी अखेर ऐकलं. २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, बासष्ट वर्षांच्या संसारानंतर कस्तुरबांनी गांधीजींच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडला. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवण्यात आली आणि महादेवभाईंच्या शेजारीच त्यांना अग्नी देण्यात आला.

गांधीजींच्या त्या निर्णयावर आजही वाद होतो आणि तो होणं स्वाभाविक आहे. औषध दारात आलेलं होतं. ते दिलं असतं तर कस्तुरबा वाचल्याच असत्या, असं मात्र छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण हृदय आणि शरीर आधीच थकलेलं होतं. सोशल मीडियावर या प्रसंगाची दोन ओळींची आवृत्ती फिरते, तिच्यात हा अर्धा भाग गाळलेला असतो.

६ मे १९४४ ला गांधीजींची सुटका झाली. मलेरियाने ते खंगले होते आणि कैदेत त्यांना काही झालं तर काय, याची सरकारला धास्ती होती. निघण्याआधी ते दोन्ही समाध्यांवर जाऊन आले. त्यांच्या आयुष्यातला हा शेवटचा तुरुंगवास.

पुणे करार इथेच झाला का?

नाही. इथे अनेकांची गल्लत होते. १९३२ चा पुणे करार झाला तो येरवडा कारागृहात. ते इथून जवळच असलं तरी जागा वेगळी आहे.

आत काय बघायचं?

गांधीजी आणि कस्तुरबा राहत होते त्या खोल्या, वापरातल्या काही वस्तू, फोटो आणि चित्रं असं छोटं संग्रहालय आहे. अर्धा-पाऊण तास पुरतो. मग इमारतीच्या बाजूने मागे चालत जावं. आवाराच्या मागच्या टोकाला, नदीच्या बाजूला, कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या समाध्या आहेत. गांधीजींच्या अस्थींचा काही अंशही तिथे ठेवलेला आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी या स्मारकाची रचना केली. साधी, बसकी, डोळ्यांत न भरणारी जागा आहे. सहलीच्या बसमधून आलेले बरेच जण कमानींसमोर फोटो काढून परत फिरतात आणि इथपर्यंत येतच नाहीत. त्यामुळे निवांत बसायला हीच जागा सर्वांत चांगली.

वेळेचं गणित कसं जमवायचं?

पॅलेस सकाळी ९ ते संध्याकाळी ५.३० पर्यंत खुला असतो. म्हणजे पहाटेच्या फ्लाइटवाल्यांचा विषयच संपला. फायदा दुपारी किंवा संध्याकाळी निघणाऱ्यांना.

समजा विमान संध्याकाळी ५ चं आहे. देशांतर्गत प्रवासासाठी दोन तास आधी पोहोचायचं म्हणजे ३ वाजता विमानतळ. अंतर पाचच किलोमीटर आहे, पण मध्ये शास्त्रीनगर चौक आणि विमाननगर चौक आहेत. पुणेकरांना अधिक सांगायला नको. इतरांनी या पाच किलोमीटरसाठी पाऊण तास धरून चालावं आणि सव्वादोनला बाहेर पडावं. साडेबाराला आत गेलात तरी संग्रहालय बघून बागेत तासभर टेकता येतं. बहुतेक विमान कंपन्यांचं चेक-इन सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतं. सामान चेक-इन करायचं असेल तर हाच आकडा लक्षात ठेवा. बोर्डिंग गेट बंद होण्याच्या वेळेवर भिस्त ठेवू नका.

खरी अडचण सामानाची. मोठी ट्रॉली बॅग बागेच्या वाटांवरून ओढत फिरण्यात मजा नाही. स्वतःची किंवा दिवसभरासाठी ठरवलेली गाडी असेल तर प्रश्नच नाही. पुण्यात रेल्वेने येऊन पुढे विमानाने जाणाऱ्यांना स्टेशनच्या क्लोकरूममध्ये बॅग ठेवता येते. त्यासाठी रेल्वेचं तिकीट आणि बॅगेला कुलूप लागतं. पण मग बॅग घ्यायला स्टेशनवर परत जावं लागेल, तो वेळ हिशेबात धरा. फक्त पाठीवरची सॅक असेल तर सगळ्यात सोपं. पुणे रेल्वे स्टेशनवरून मेट्रोने कल्याणीनगरला उतरायचं, तिथून रिक्षाने पॅलेस आणि पुढे रिक्षा किंवा कॅबने विमानतळ.

तिकीट अगदी किरकोळ आहे. १५ वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व विभागाच्या स्मारकांमध्ये तिकीट लागत नाही. मोबाइलवर फोटो काढायला हरकत नाही, ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते. रील करायची असेल तर कमानी आहेतच, समाध्यांपाशी नाचगाणं नको. आणि पुढे विमानतळावर फोन आवरता घ्या. धावपट्टी हवाई दलाची आहे, तिथे आणि विमानाच्या खिडकीतून तळाचे फोटो काढायला मनाई आहे. कुणी हटकलं तर सुटायला किती वेळ लागेल याचं गणित वरच्या हिशेबात धरलेलं नाही.