बाजारपेठ विभाजन

बाजारपेठ विभाजन : गरज, ऐपत, राहणीमान किंवा वस्तू वापरण्याची रीत यांत साम्य असलेले ग्राहकांचे गट वेगळे काढून प्रत्येक गटासाठी वस्तू, किंमत, वितरण व जाहिरात यांची स्वतंत्र आखणी करण्याची विपणनपद्धती. सर्वांना एकच वस्तू, एकाच तऱ्हेने व शक्य तितक्या स्वस्तात विकण्याच्या पद्धतीस समूह विपणन म्हणतात. रोजच्या वापराच्या वस्तूंच्या व्यापारात या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात.

उगम : समूह विपणनाचे ठळक उदाहरण अमेरिकेतील फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ मोटार. १९०८ साली ती ८५० डॉलरला बाजारात आली. जुळणी पट्ट्यावरील उत्पादनामुळे खर्च उतरत गेला आणि १९२० नंतरच्या दशकात तिची किंमत ३०० डॉलरच्या खाली आली. १९२७ साली तिचे उत्पादन थांबले, तोवर अशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या होत्या. मात्र पहिली मोटार घेणाऱ्याला स्वस्त वाहन पुरेसे होते. जुनी गाडी देऊन दुसरी घेणाऱ्याला बंद टप, रंग, आराम हवा होता. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी शेव्हरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत चढत्या किमतींच्या नाममुद्रांची श्रेणी रचून हा ग्राहक आपल्याकडे ओढला. या अनुभवाला सैद्धांतिक रूप वेंडेल स्मिथ यांच्या १९५६ सालच्या लेखाने दिले. विभाजन, लक्ष्यगटाची निवड आणि त्या गटाच्या मनात वस्तूचे स्थान निश्चित करणे, हा तीन पायऱ्यांचा क्रम पुढे फिलिप कोटलर यांच्या लेखनामुळे व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत रूढ झाला.

निकष : विभाजनाचे निकष साधारणपणे चार प्रकारचे असतात. भौगोलिक निकषात प्रदेश, हवामान, पाण्याचा जडपणा, शहर-खेडे हे भेद येतात. लोकसांख्यिक निकषात वय, लिंग, शिक्षण, उत्पन्न व कुटुंबाचा आकार. मनोवृत्तीच्या निकषात आवडीनिवडी व जीवनदृष्टी. आणि वर्तनाच्या निकषात वापराचा प्रसंग, खरेदीचे प्रमाण व नाममुद्रेवरील निष्ठा. गट मोजता यावा, तो व्यवसायाला पुरेल इतका मोठा असावा, त्याच्यापर्यंत पोचता यावे आणि त्याचा प्रतिसाद इतरांहून वेगळा असावा, या अटी पुऱ्या झाल्या तरच विभाजनावरचा खर्च भरून निघतो.

भारतात ग्राहकांच्या प्रतवारीसाठी १९८८ पासून सामाजिक-आर्थिक वर्गीकरण वापरले जाऊ लागले. शहरी घरांसाठी त्यात कुटुंबातील मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण व व्यवसाय पाहिले जात. २०११ च्या सुधारित पद्धतीत व्यवसायाच्या जागी घरातील टिकाऊ वस्तूंची संख्या आली. ११ वस्तूंची यादी आणि मुख्य कमावत्याचे शिक्षण यांवरून घराला ‘ए-१’ ते ‘ई-३’ अशा १२ श्रेणींपैकी एक मिळते. उत्पन्न विचारले की लोक संकोचतात. घरात काय काय आहे, हे सांगायला मात्र सहसा कोणी कचरत नाही. त्यामुळे ही मोजपट्टी व्यवहारात सोयीची ठरली.

धुण्याच्या पावडरीचे उदाहरण : विभाजनाचे बळ आणि त्यातील आंधळेपणा हे दोन्ही भारतीय धुण्याच्या पावडरीच्या इतिहासात जवळून पाहता येतात. मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्थान लिव्हरने १९५९ साली निळी ‘सर्फ’ आणली. तिचा ग्राहक सुस्थितीतील शहरी मध्यमवर्ग होता. बाकीची बहुतेक घरे साबणाच्या वडीवरच कपडे धूत आणि ती पावडरीची गिऱ्हाइके नाहीत, असे गृहीत धरले गेले होते. १९६९ साली गुजरात सरकारच्या सेवेतील रसायनतज्ज्ञ करसनभाई पटेल यांनी अहमदाबादेत पिवळी ‘निरमा’ पावडर तयार करून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. तिचा भाव किलोला तीन-साडेतीन रुपये, तर सर्फचा त्याच्या सुमारे चौपट होता. हिशेबाबाहेर ठेवलेली घरे पावडरीकडे वळली आणि १९८० नंतरच्या दशकात निरमा देशातील अग्रगण्य नाममुद्रा बनली.

हिंदुस्थान लिव्हरने याला दोन वेगवेगळी उत्तरे दिली. पहिले जाहिरातीतून. अलेक पदमसी यांच्या लिंटास संस्थेने घडवलेली, कविता चौधरी यांनी साकारलेली ‘ललिताजी’ ही चोखंदळ गृहिणी, अर्धा किलो सर्फचे काम एक किलो स्वस्त पावडरीइतके होते, हा हिशेब मांडत असे. महाग वस्तू घेण्याला तिने काटकसरीचे कारण दिले. दुसरे उत्तर नव्या वस्तूचे. स्वस्त पावडरीतील सोड्याने हात चरचरतात, ही बायकांची तक्रार हेरून कंपनीने १९८७ च्या सुमारास कमी किमतीची हिरवी ‘व्हील’ पावडर आणली. निरमाला रोखण्याच्या या मोहिमेला कंपनीत ‘स्टिंग’ असे सांकेतिक नाव होते. खालच्या किमतीची व्हील, मधली रिन आणि वरची सर्फ अशी श्रेणी यातून उभी राहिली.

छोटी पुडी : गटाची ऐपत मोजताना महिन्याच्या उत्पन्नाइतकीच हातात पैसे येण्याची रीतही महत्त्वाची असते. रोजंदारीवरच्या घराला शांपूची बाटली परवडत नाही, पण एका न्हाणाची पुडी परवडते. तमिळनाडूतील कडलूर येथील चिन्नी कृष्णन यांनी पुडीची कल्पना रुजवली आणि त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ पासून ‘चिक’ शांपूद्वारे ती गावोगाव नेली. किराणा दुकानांच्या दर्शनी भागी लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा हे त्या विचाराचे दृश्य रूप होय. येथे विभाजनातून शोधलेला गट इतका मोठा निघाला, की पुडी हेच समूह विपणनाचे साधन बनले. तथापि बहुपदरी वेष्टनाच्या या रिकाम्या पुड्यांचा पुनर्वापर कठीण असून त्यांचा कचरा हा गंभीर प्रश्न आहे.

मर्यादा : एकच घर एकाच वेळी अनेक गटांत असू शकते. ऑफिसच्या शर्टांना भारी पावडर आणि गोधड्या-पायपुसण्यांना स्वस्त पावडर वापरणारी घरे महाराष्ट्रात सर्रास आढळतात. अशा घरांना एक श्रेणी देऊन त्यांची खरेदी कळत नाही. गट फार बारीक केले तर उत्पादन, साठा व जाहिरात यांचा खर्च वाढतो आणि कंपनीच्याच नाममुद्रा एकमेकींचे गिऱ्हाईक खातात. केवळ वेष्टनाचा रंग बदलून तीच वस्तू स्त्रियांना जास्त दराने विकणे, हा तर विभाजनाचा गैरवापरच होय.

धुण्याच्या पावडरीच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. कोणाला ग्राहक मानायचे नाही, हे ठरवण्यात कंपन्यांची सर्वांत महागडी चूक होते. म्हणून विभाजनाचा अभ्यास तक्त्यांबरोबर घराघरांतील प्रत्यक्ष वापरातूनही केला पाहिजे, आणि वगळलेल्या गटांची फेरतपासणी हा त्या अभ्यासाचा नित्याचा भाग असला पाहिजे.