वास गेला म्हणजे जंतू गेले का? मुंबईच्या प्लेगपासून पेडिक्युअरच्या खुर्चीपर्यंत

पेडिक्युअरच्या काही नव्या खुर्च्यांमध्ये पाय बुडवायच्या टबाशेजारी एक छोटा एक्झॉस्ट फॅन असतो. तो टबाजवळची हवा ओढून घेतो आणि कोळशाच्या फिल्टरमधून किंवा नळीवाटे सोडतो. पायांचा, साचलेल्या पाण्याचा, नेलपॉलिशचा वास खोलीत राहत नाही. पूर्वी टाचा घासायला न्हाणीघरातली वजरी पुरायची. आता कोल्हापुरातही लग्नसराईत पेडिक्युअर नेहमीचं झालं आहे आणि त्याबरोबर एक प्रश्न दवाखान्यात येतो: ‘डॉक्टर, पार्लर एकदम छान आहे, कसलाच वास येत नाही. तिथं इन्फेक्शनची भीती नाही ना?’

या प्रश्नामागची समजूत फार जुनी आहे, आणि एके काळी ती आम्हा डॉक्टरांचीच होती. एकोणिसाव्या शतकात बहुतेक वैद्यकशास्त्र असं मानायचं की कुजणाऱ्या घाणीतून दूषित हवा निघते आणि रोग त्या हवेतूनच होतात. ‘मलेरिया’ हा शब्दच मुळात ‘वाईट हवा’ या अर्थाच्या इटालियन शब्दांवरून आला. दुर्गंधी म्हणजे रोग, असं सरळ समीकरण होतं.

त्याची मोठी परीक्षा आपल्या मुंबईत झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग जुन्या समजुतीप्रमाणं लढाई सुरू झाली ती घाणीशी आणि वासाशी. गटारं समुद्राच्या पाण्यानं आणि कार्बोलिक ॲसिडनं धुतली. भिंतींना चुना मारला. कोंदट खोल्यांत उजेड-वारा यावा म्हणून छपरांची कौलं उतरवली. शहरात कार्बोलिकचा वास भरून राहिला, प्लेग मात्र हटला नाही.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं दाखवलं की प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळं पसरतो. त्याच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. पुढं मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, जे प्रयोग झाले ते मला फार आवडतात, कारण ते इतके साधे आहेत. प्लेगच्या जागेत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातले प्राणी आजारी पडले. पिसूची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले. दोन्ही पिंजऱ्यांतली हवा एकच, वासही एकच. फरक होता तो पिसूचा.

आपल्या भागात त्या काळी लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचे. त्याचा उपयोग व्हायचा. माळावरची हवा चांगली म्हणून, असं समजलं जाई. खरं तर माणसं उंदीर आणि पिसवा गावात सोडून आलेली असत.

म्हणून खेळती हवा फुकट, असा अर्थ मात्र काढू नका. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले, समुद्राचा वारा आत यावा म्हणून. टीबी हवेतून पसरतो, त्यामुळं असा वारा त्याच्यासाठी खरंच उपयोगी आहे. प्लेगवर तो इलाज नव्हता, एवढंच.

आता पेडिक्युअरच्या खुर्चीकडं येऊ. सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल या गावी एका त्वचारोगतज्ज्ञाच्या लक्षात आलं की गुडघ्याखाली चिवट गळवं आलेले चार रुग्ण एकाच नेल सलूनमध्ये गेलेले आहेत. शोध घेतल्यावर अशी ११० माणसं सापडली. जंतू होता मायकोबॅक्टेरियम फोर्च्युइटम, टीबीच्या जंतूचा दूरचा भाऊबंद. तो नळाच्या पाण्यात आणि मातीत असतोच, आणि क्लोरीनला सहज दबत नाही. सलूनमधल्या दहाही टबांत तो मिळाला. पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या जाळीमागं केस आणि मृत त्वचेचा थर साचला होता. ती जाळी कधी उघडून साफच केलेली नव्हती. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी ताजं पाणी भरलं तरी ते त्याच थरातून फिरत होतं. जखमा भरायला सरासरी साडेपाच महिने लागले, आणि ज्या बायकांनी आदल्या दिवसांत पायांवर रेझर फिरवला होता त्यांना धोका जास्त होता.

पुढच्या एका पाहणीत कॅलिफोर्नियातल्या १८ सलूनमधले ३० टब तपासले. २९ टबांत मायकोबॅक्टेरिया निघाले.

अशा टबाला पंखा लावला तर काय होईल? पाण्यावरचा वास ओढला जाईल. जाळीमागचा बुळबुळीत थर जागच्या जागी राहील, आणि त्याची वर्दी देणारा वास तेवढा नाहीसा होईल. लॅव्हेंडरचं तेल किंवा उदबत्तीही हेच करते. उलट पायांचा घामट वास हा त्वचेवरच्या नेहमीच्या जंतूंनी घामातून तयार केलेल्या आम्लांचा असतो. ऐकायला बरं वाटत नाही, पण त्या वासानं कुणी आजारी पडत नाही.

पंखा खरा हवा तो रसायनांसाठी. नेलपॉलिश, रिमूव्हर, कृत्रिम नखांची द्रव्यं यांच्या वाफेनं डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात, दमा बळावतो. न्यूयॉर्क राज्यानं २०१६ पासून नेल सलूनमध्ये अशी वाफ जागेवरच ओढून बाहेर टाकण्याचा नियम केला. जुन्या दुकानांना पाच वर्षांची मुदत दिली. गिऱ्हाईक तासाभरात घरी जातं, पण तिथं काम करणारी मुलगी दहा-बारा तास त्याच हवेत असते. शिवाय नाक काही मिनिटांतच त्याच वासाला सरावतं. ‘मला आता वास येत नाही,’ असं ती म्हणते ते खरंच असतं. हवा बदललेली नसते. तिच्यासाठी हवा बाहेर सोडणारा पंखा हवा. हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडणारा कोळशाचा फिल्टर काही काळानं भरतो, आणि तो न बदलल्यास पंखा नुसताच फिरतो.

तेव्हा पार्लरमध्ये वासाऐवजी पाण्याचं विचारा. टबात पंप आणि जाळी आहे का? असल्यास ती रोज उघडून घासतात का? त्यापेक्षा साधं घमेलं किंवा एकदा वापरून टाकायचं प्लॅस्टिकचं अस्तर बरं. जायच्या आदल्या दिवशी पायांवर रेझर किंवा वॅक्स नको. मधुमेह असेल, टाचांना खोल भेगा असतील, पायाला बधिरपणा असेल तर टबात पाय घालूच नका.

पेडिक्युअरनंतर काही आठवड्यांनी पायावर गळू आलं आणि नेहमीच्या अँटिबायोटिकनं बसेना, तर डॉक्टरांना पेडिक्युअरचं आवर्जून सांगा. पू तपासायला देताना मायकोबॅक्टेरियाचं कल्चर वेगळं मागावं लागतं. साध्या कल्चरमध्ये तो जंतू बऱ्याचदा दिसत नाही.