मेंढी, उंदीर आणि फळमाशी

स्क्रेपी हा मेंढ्यांचा जुना रोग. मेंढी अंग कुंपणाला घासत राहते, तिचा तोल जातो आणि अखेर ती मरते. मेंदूला स्पंजासारखी छिद्रे पडलेली आढळतात. हा रोग टोचून देता येतो, हे फ्रान्समध्ये क्युये आणि शेल यांनी १९३६ साली दाखवले. पण टोचलेल्या मेंढ्यांत लक्षणे दिसायला वर्षाहून अधिक काळ लागला. १९६१ साली चँडलर यांनी तो उंदरांना दिला, तेव्हा ही प्रतीक्षा काही महिन्यांवर आली.

रोगाचे कारण मात्र सापडत नव्हते. १९८२ साली अमेरिकेत स्टॅन्ली प्रुसिनर यांनी त्याला ‘प्रिऑन’ हे नाव दिले. प्रिऑन म्हणजे चुकीची घडी पडलेले प्रथिन. शरीरातल्या त्याच जातीच्या चांगल्या प्रथिनांनाही ते आपल्यासारखी घडी घालते. मग शरीरात ते प्रथिनच नसेल तर? झुरिकमध्ये वाइसमान यांच्या गटाने त्याचे जनुक निकामी केलेल्या उंदरांना स्क्रेपी टोचला. १९९३ सालचा निष्कर्ष असा, की हे उंदीर आजारी पडले नाहीत.

पिकल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या फळमाशीत हे जनुक मुळातच नसते. केंब्रिजमध्ये बुजडोसो व सहकाऱ्यांनी तिच्यात मेंढीचे जनुक बसवले आणि अळ्यांना स्क्रेपीग्रस्त मेंदू मिसळलेले अन्न दिले. नळी आपटली की निरोगी माशी भिंतीवरून वर चढते. या माश्यांची चढण्याची क्षमता काही आठवड्यांतच घसरली. जनुक नसलेल्या माश्यांनी तेच अन्न खाल्ले, पण त्यांच्यात तशी घसरण झाली नाही.

ही नुसती विषबाधा नव्हे कशावरून? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या माश्यांच्या डोक्यांचा अर्क उंदरांना टोचला. उंदरांना प्रिऑन रोग झाला. म्हणजे माशीत प्रिऑन खरोखर वाढले होते.

याचे मोल कळते ते ब्रिटनमधील अनुभवावरून. तेथे १९८६ साली गाईंमध्ये असा रोग ओळखला गेला, १९९६ साली तो माणसात आल्याचे जाहीर झाले आणि पुढे रक्तदानातूनही पसरल्याचे आढळले. अशा वेळी संशयित रक्ताची परीक्षा महिन्यांऐवजी आठवड्यांत होणे म्हणजे जीव वाचणे. माशीचा मेंदू माणसाच्या मेंदूहून फार वेगळा असल्याने औषधाचा अंतिम निवाडा मात्र तिच्यावर होणार नाही.

वर्गात तुलनेसाठी ठेवलेल्या गटाचे महत्त्व शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. अन्न तेच, माशी तीच. फरक फक्त एका जनुकाचा.