मालेगावचा सुपरमॅन आणि घरगुती पडदा

चित्रपटाची घरगुती आवृत्ती ही इतिहासाच्या मापाने अगदी कालपरवाची गोष्ट होय. १९७५ साली सोनी कंपनीने बीटामॅक्स आणि १९७६ साली जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस ही चित्रफितीची यंत्रे जपानात बाजारात आणली. तोपर्यंत चित्रगृहातून उतरलेला बोलपट पुन्हा पाहावयाचा, तर तो कधीतरी परत लागेल म्हणून वाट पाहणे एवढेच रसिकाच्या हाती असे. फीत आली, मागाहून तबकडी आली, आणि त्यांच्याबरोबर समीक्षेचा एक नवा प्रकारही जन्मास आला. चित्रपट चांगला की वाईट हा प्रश्न त्यात दुय्यम ठरला. चित्र किती स्वच्छ उमटले आहे, ध्वनी किती स्पष्ट आहे, आणि मूळ कृतीसोबत निर्मितीची कथा सांगणारी कोणती पुरवणी जोडली आहे, याची मोजदाद महत्त्वाची झाली. या समीक्षेमागे एक गृहीत असते. चित्रपट आधी चित्रगृहाचा, आणि मग घराचा. आधी मेजवानी, मग शिदोरी.

चित्रकथांतून आलेल्या महानायकांच्या बाबतीत हे गृहीत निदान दोन वेळा उलटे झाले आहे. पहिला प्रसंग अमेरिकेतला. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी निर्मिलेला सुपरमॅन १९३८ साली प्रथम छापून आला. त्याचे हक्क त्या दोघांनी अवघ्या १३० डॉलरना विकले होते, आणि निर्माते म्हणून आपली नावे परत मिळवण्यासाठी त्यांना १९७५ साल उजाडेपर्यंत झगडावे लागले. १९७८ साली दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांनी त्याला पडद्यावर उडवले. ख्रिस्तोफर रीव्ह हा उंचापुरा नट त्यात आकाशातून असा विहरला की त्या दृश्यांच्या करामतीस ऑस्करचा विशेष सन्मान मिळाला. दुसऱ्या भागाचे पुष्कळसे चित्रण डॉनर यांनी त्याच वेळी करून ठेवले होते. परंतु निर्मात्यांशी बेबनाव झाला, काम रिचर्ड लेस्टर यांच्याकडे गेले आणि १९८० साली दुसऱ्याच हाताचा चित्रपट लोकांपुढे आला. डॉनर यांचे चित्रण कोठारात पडून राहिले. ते बाहेर काढून, जुळवून, २००६ च्या नोव्हेंबरात तबकडीच्या रूपाने प्रसिद्ध करण्यात आले. त्यांच्या कल्पनेतला दुसरा भाग सव्वीस वर्षांनी का होईना, घरच्या पडद्यामुळेच अस्तित्वात आला.

दुसरा प्रसंग आपल्या मुलुखातला आहे, आणि तो समजण्यास सुरतेतला मराठी माणूस मुंबईकराहून अधिक जवळचा आहे. सुरतेच्या पूर्वेस पर्वत पाटिया नावाचा भाग आहे. गुजरातीत पाटिया म्हणजे पाटी. मोठ्या रस्त्यावरून खेड्याकडे फाटा फुटतो तेथे गावाच्या नावाची जी पाटी उभी असते, तिच्यावरून त्या जागेसच पाटिया म्हणण्याचा तिकडे प्रघात आहे. पर्वत हे एके काळचे खेडे आता महानगरात विरघळून गेले असून आसमंतात कापडाचा मोठा व्यापार चालतो. शेजारच्या लिंबायत, डिंडोली, उधना या वस्त्यांत यंत्रमागांचा खडखडाट आहे, आणि तापीच्या खोऱ्यातल्या रेल्वेने सुरतेस येऊन स्थायिक झालेली खानदेशी कुटुंबे आहेत. बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा आवाज, केसांवर आणि पापण्यांवर बसणारी सुताची भुकटी, आणि आठवड्याच्या सुटीतली दोन-तीन तासांची करमणूक, हे जीवन तेथे कोणालाही वर्णन करून सांगावे लागत नाही. नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे जीवन हेच आहे.

मोसम आणि गिरणा या नद्यांच्या परिसरात वसलेल्या या गावी १८५७ च्या उठावानंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून मोमिन विणकर येऊन राहिले. हातमाग गेले, यंत्रमाग आले. शुक्रवारी माग बंद, आणि माग बंद म्हणजे चित्रपट, असे तेथील कामगारांचे जणू पंचांगच झाले. १९८२ च्या आशियाई क्रीडासामन्यांच्या सुमारास देशात रंगीत दूरदर्शन आणि त्यामागोमाग व्हीसीआर यंत्रे पसरली, तेव्हा एका खोलीत दूरदर्शनसंच मांडून तिकीट लावणारी व्हिडिओ पार्लरे अशा गावांत निघाली. घरगुती म्हणून बनलेले यंत्र गरिबाच्या घरी परवडण्याजोगे नव्हते. म्हणून त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांसह एका भाड्याच्या घरात ते पाहिले, इतकेच.

असे एक पार्लर नासिर शेख हा तरुण चालवीत असे. चॅप्लिन, कीटन, ब्रूस ली यांच्या फिती तो लावी, आणि प्रेक्षकांना कंटाळा येऊ नये म्हणून एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर उतरवताना त्यांतली रटाळ दृश्ये गाळून चटकदार तेवढी जोडी. चित्रसंपादनाची ही त्याची शाळा. परवानगीवाचून चाललेल्या अशा प्रदर्शनांवर जेव्हा धाडी पडू लागल्या, तेव्हा दुसऱ्याचे चित्रपट दाखवण्यापेक्षा स्वतःचाच का काढू नये, असा विचार त्याच्या मनात आला. २००० साली 'मालेगाव के शोले' तयार झाला. त्यास खर्च आला सुमारे पन्नास हजार रुपये. सरकता कॅमेरा हवा तेव्हा सायकल कामास आली. कॅमेरा उंचावरून खाली आणावयाचा तेव्हा बैलगाडीने क्रेनचे काम केले. चित्रपट गावात तुफान चालला.

या मंडळींची भाषा मालेगावची हिंदी. तिच्यात उर्दूचा बाज आहे आणि खानदेशी बोलीचे शब्द सहजगत्या मिसळलेले आहेत. ती मराठी नव्हे म्हणून या चित्रपटांची दखल मराठी सारस्वताने घेऊ नये, असे कोणी म्हणेल. पण भिवंडीपासून सुरतेपर्यंत मागावर उभा असलेला मराठी कामगार ज्या भाषेत शेजारच्या कामगाराशी बोलतो, ती याहून फार वेगळी नसते.

त्यानंतरचा मोठा बेत म्हणजे सुपरमॅन. अमेरिकन नायकाला उडवण्यासाठी तज्ज्ञांनी खास प्रक्षेपणयंत्रे बनवली होती. मालेगावात एक हिरवे कापड ताणले गेले आणि त्यापुढे नायकास आडवे धरण्यात आले. मागले आकाश संगणकाने भरावयाचे होते. नायक होता शफीक शेख, यंत्रमागावरचा कामगार, काटकुळ्या अंगाचा. पाण्यातले दृश्य घेताना कॅमेराच पाण्यात पडला आणि तो दुरुस्त होईतो काम अडले. मध्येच सुपरमॅनचे लग्न निघाले, तेव्हाही काम थांबले. गावातल्या स्त्रिया चित्रपटात काम करीत नसल्यामुळे नटी बाहेरगावाहून आणावी लागे. कथेतला खलनायक हा पृथ्वी पादाक्रांत करू पाहणारा कोणी परग्रहवासी नाही; त्यास घाण प्रिय आहे आणि लोकांनी तंबाखू खावी ही त्याची इच्छा आहे. गटारे, पिचकाऱ्या आणि धूळ यांच्याशी ज्याला रोज सामना करावा लागतो त्या गावाने आपला शत्रू अचूक निवडला, हे मान्य करावे लागते.

आता या चित्रपटाचा विचार घरगुती आवृत्तीच्या रूढ मापांनी करून पाहावा. चित्राच्या बाबतीत तो अनुत्तीर्ण आहे. तो व्हिडिओवरच चित्रित झाला. व्हिडिओ सीडी ही १९९३ साली ठरलेली स्वस्त तबकडी ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे चित्र देते; वेगवान हालचाल आली की त्यात चौकटी फुटू लागतात. एका तबकडीत जेमतेम ७४ मिनिटे मावतात, त्यामुळे नेमक्या रंगाच्या क्षणी उठून तबकडी बदलण्याचा प्रसंग त्या काळी घरोघरी येई. ध्वनीविषयी न बोललेले बरे. विडंबनाला मूळ कृतीच्या ओळखीचा टेकू सतत लागतो, आणि तो काढून घेतला तर कथेचा डोलारा काही ठिकाणी खचतो, हाही दोष खराच.

परंतु एक गोष्ट रीव्हला साधली नाही ती शफीकला साधली आहे. रीव्हचा सुपरमॅन उडतो तेव्हा आपण यंत्रविद्येचे कौतुक करतो. शफीक हवेत आडवा होतो तेव्हा हे सारे लटके आहे हे त्यालाही ठाऊक असते, पाहणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि तरीही त्या कृश मुद्रेवर असा काही गंभीर भाव असतो की हसता हसता प्रेक्षक त्याच्या बाजूचा होतो. बारा तास उभे राहणाऱ्या माणसाला उडण्याची हौस का असावी, हे निराळे समजावून द्यावे लागत नाही.

राहता राहिली पुरवणी. आणि या प्रकरणातला खरा पेच तिच्यातच आहे. फैजा अहमद खान यांनी या चित्रपटाची निर्मिती चालू असताना तिचा वृत्तपट घेतला. 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा तो २००८ चा वृत्तपट देशोदेशींच्या महोत्सवांत गाजला आणि २०१२ च्या जूनमध्ये भारतातल्या चित्रगृहांतही लागला. एरवी तबकडीच्या शेवटी पाहुण्यासारखी येणारी निर्मितीकथा येथे यजमान होऊन बसली. वृत्तपट उत्कृष्ट आहे, यात वाद नाही. लेखक फरोग जाफरी यांची मुंबईविषयीची तळमळ त्यात जितक्या संयमाने टिपली आहे तितकी क्वचितच कोठे टिपली गेली असेल. पण परिणाम असा झाला की मालेगावचा सुपरमॅन कसा बनला हे टोरांटोपासून पुण्यापर्यंत पुष्कळांना ठाऊक आहे, आणि प्रत्यक्ष बनला तो चित्रपट आरंभापासून अखेरपर्यंत पाहिलेला रसिक शोधावा लागतो.

शफीक शेख ही कीर्ती पाहण्यास फार काळ राहिला नाही. वृत्तपट आपल्याकडच्या चित्रगृहांत पोहोचण्यापूर्वीच कर्करोगाने त्याचा अंत झाला. पुढे रीमा कागती यांनी या मित्रमंडळींवर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा कथाचित्रपट केला. २०२४ च्या सप्टेंबरात तो टोरांटोच्या महोत्सवात आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी आपल्याकडे प्रदर्शित झाला. नासिरची भूमिका आदर्श गौरव यांनी आणि शफीकची शशांक अरोरा यांनी केली. त्याच वर्षी तो प्राइम व्हिडिओवर घरबसल्या पाहण्यास उपलब्ध झाला. म्हणजे मूळ चित्रपटाची पुरवणी, आणि त्या पुरवणीचीही पुन्हा पुरवणी, दोन्ही उत्तम स्वच्छतेने घरी आल्या. मूळ कृतीची नीट जपलेली, स्वच्छ प्रत मात्र आली नाही.

तबकडीचा काळ आता सरला आहे. मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास अठ्ठावीस रुपयांत व्हिडिओ सीडी आणि चौतीस रुपयांत डीव्हीडी विकून बाजार हलवून सोडला होता. तीच कंपनी २०१८ साली अवसायनात निघाली. तबकडी वाजवणारी यंत्रेही घरांतून गेली. खानदेशी विनोदी चित्रांचा धंदा बंद पडला नाही. तो यूट्यूबवर गेला, आणि मालेगावात आजही नव्या चित्रफिती तयार होतात. जुन्यांचे काय, हा प्रश्न शिल्लक आहे. चुंबकीय फितीवरचा लेप उष्णतेने आणि दमटपणाने सुटत जातो, आणि मालेगावचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जाणारा. एका फितीवरून दुसरी उतरवली की प्रत्येक वेळी चित्र आणखी पुसट होते, म्हणून किंमत असते ती पहिल्या प्रतीला. बाजारात फिरलेल्या शंभर तबकड्या मिळाल्या तरी तिची सर त्यांस येत नाही.

शफीकच्या चित्रपटाची खरीखुरी घरगुती आवृत्ती काढावयाची, तर पहिल्या पिढीची प्रत मिळवून ती उतरवून घेणे, संवादांना मराठी, गुजराती आणि इंग्रजी उपशीर्षके देणे, हिरवे कापड ज्यांनी ताणून धरले त्यांच्यापर्यंत साऱ्यांची नावे लावणे आणि मग मागे फैजा अहमद खान यांचा वृत्तपट जोडणे, एवढे काम आहे. यास वॉर्नर कंपनीचे भांडार लागत नाही. एखादे विद्यापीठ किंवा पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ते करू शकेल. डॉनर यांचे डबे कोठारात सव्वीस वर्षे थांबले आणि तरी शाबूत निघाले, कारण ते सेल्युलॉइडचे होते. चुंबकीय फीत तितका काळ थांबेल याची खात्री देता येत नाही.