प्रोस्टेट कॅन्सर टाळणारी गोळी खरंच आहे का? असे दावे कसे तपासायचे?

भोपळ्याच्या बिया, टोमॅटो, हळद, व्हिटॅमिन ई, सेलेनियमच्या गोळ्या. 'हे रोज घ्या, प्रोस्टेट कॅन्सर होणार नाही' असं सांगणारे मेसेज आणि व्हीडिओ मुंबई-पुण्यात फिरतात, तसेच बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसरबीडसारख्या गावातल्या मोबाइलवरही येतात. रात्री तीन-चारदा लघवीला उठणाऱ्या साठीपुढच्या माणसाला ते पटकन पटतात.

या दाव्यांमागे पुरावा किती आहे, ते समजून घेऊया.

प्रोस्टेट म्हणजे काय?

प्रोस्टेट किंवा पुरःस्थ ग्रंथी ही फक्त पुरुषांमध्ये, मूत्राशयाच्या खाली असते. वय वाढतं तशी ती बऱ्याच जणांमध्ये वाढते. त्यामुळे लघवीची धार बारीक होते, वारंवार जावं लागतं. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे.

बरेच दावे याच गोंधळाचा फायदा घेतात. लघवीचा त्रास थोडा कमी झाला, की 'कॅन्सर टळला' असं सांगितलं जातं.

व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमचं काय झालं?

फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर सुमारे ३२ टक्के कमी आढळला. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत सेलेनियमबद्दलही असंच आशादायक चित्र दिसलं. पण पहिली चाचणी फुप्फुसाच्या आणि दुसरी त्वचेच्या कॅन्सरसाठी होती. प्रोस्टेटचा आकडा दोन्हीकडे ओघात हाती लागला होता.

तो खरा आहे का, हे पाहण्यासाठी २००१ मध्ये 'सिलेक्ट' ही चाचणी सुरू झाली. त्यात ३५ हजारांहून जास्त पुरुष होते. काहींना खऱ्या गोळ्या, काहींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. फायदा दिसेना, म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या.

२०११ मध्ये पुढचे आकडे आले. नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सरचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त होतं. म्हणजे सात वर्षांत दर हजार पुरुषांमागे औषध नसलेल्या गोळ्यांच्या गटात ६५ जणांना, तर व्हिटॅमिन ईच्या गटात ७६ जणांना कॅन्सर झाला. सेलेनियमचा फायदा दिसला नाही.

त्यामुळे 'फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही ना' हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

मग टोमॅटो आणि हळद?

टोमॅटोतल्या लायकोपीनबद्दल बरेच अभ्यास झाले. पण त्यातल्या बहुतेकांत 'कोण काय खातं आणि कोणाला आजार होतो' एवढंच पाहिलं होतं. टोमॅटो जास्त खाणारा माणूस इतर बाबतींतही वेगळा असू शकतो. २००५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हा पुरावा अत्यंत मर्यादित असल्याचं म्हटलं. टोमॅटो जेवणात जरूर खा, औषध म्हणून नको.

हळदीची चर्चा आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये रंगली. नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये हळद, कडुनिंब आणि आहाराचा फायदा झाल्याचं सांगितलं होतं. त्यावर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी निवेदन काढलं. यावर संशोधन सुरू आहे, पण कॅन्सरवर वापरा असं सांगण्याइतका पुरावा नाही आणि यासाठी उपचार लांबवू नका, असं त्यांनी स्पष्ट केलं.

एकही औषध चालत नाही का?

फिनास्टेराइड या औषधाची चाचणी सुमारे १९ हजार पुरुषांवर झाली. २००३ च्या निष्कर्षांत प्रोस्टेट कॅन्सर सुमारे २५ टक्क्यांनी कमी दिसला. मात्र आक्रमक प्रकारचा कॅन्सर औषध घेणाऱ्यांत ६.४ टक्के, तर न घेणाऱ्यांत ५.१ टक्के आढळला. पुढच्या काळात मृत्यू वाढल्याचं दिसलं नाही. तरीही कॅन्सर टाळण्यासाठी म्हणून अमेरिकेत त्याला मान्यता नाही.

हे औषध ग्रंथीच्या वाढीसाठी दिलं जातं. ते घेत असाल तर पीएसए तपासणीआधी डॉक्टरांना सांगा, कारण त्याने पीएसएचा आकडा जवळपास निम्मा होतो.

कायदा काय सांगतो?

ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा १९५४ चा आहे. ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायला मनाई आहे, त्यांची यादी या कायद्यात आहे. त्यात कॅन्सर आहे आणि प्रोस्टेट ग्रंथीचे विकारही आहेत. आजार 'बरा करतो' इतकंच नव्हे, तर 'टाळतो' असं म्हणायलाही बंदी आहे. तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

डब्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक असला, तरी तो अन्नपदार्थाचा परवाना असतो. आजार टळतो याचा तो दाखला नाही.

दावा ऐकल्यावर काय विचाराल?

• चाचणी माणसांवर झाली, की उंदरांवर आणि पेशींवर?
• गोळी न घेणाऱ्यांचा दुसरा गट होता का?
• कॅन्सर कमी झाला, की फक्त लघवीचा त्रास?
• 'इतके टक्के कमी' म्हणजे हजारात नेमके किती जण?
• सांगणाराच ती वस्तू विकतोय का?

मग करायचं काय?

वय आणि घरातला इतिहास आपल्या हातात नसतो. वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल, तर धोका जास्त असतो. तंबाखू सोडणं आणि वजन आटोक्यात ठेवणं तब्येतीसाठी चांगलंच, पण त्यानेही खात्री मिळत नाही.

पीएसए ही रक्ततपासणी कॅन्सर टाळत नाही, शोधायला मदत करते. साध्या वाढीने किंवा जंतुसंसर्गानेही हा आकडा वाढतो. सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी होते, प्रोस्टेटची नाही. त्यामुळे ही तपासणी कधी करायची, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

लघवीतून रक्त येणं, लघवी अडणं, कंबरेची न थांबणारी दुखणी, यांपैकी काही असेल तर बियांचा कोर्स संपायची वाट पाहू नका. जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा, तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवतील. कॅन्सरचं निदान झालंच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरचे उपचारही येतात.