मराठी बालवाचनाचीं शंभर वर्षें

मूल वाचावयास शिकतें तें शाळेंत. परंतु शिकलेलें वाचन त्यास प्रिय होतेंच असें नाहीं. मराठी मुलांच्या हातीं छापील गोष्टींचें पुस्तक आल्यास आतां दोनशें वर्षें होत आलीं. त्यांतील पहिल्या शतकाचा इतिहास पाहिला, तर बोधासाठीं वाचन आणि आनंदासाठीं वाचन या दोन कल्पनांची ओढाताण त्यांत स्पष्ट दिसते.

छापखाना येण्यापूर्वीं मुलांचें वाङ्मय कानांवाटे येई. आजीच्या कहाण्या, देवळांतील कीर्तन आणि ओसरीवर चालणारें श्रीधराच्या ‘पांडवप्रताप’, ‘हरिविजय’ या ग्रंथांचें वाचन, हीच त्यांची शाळा आणि हीच करमणूक. ऐकलेल्या कथेवर कोणी प्रश्न विचारीत नसे. तरीहि भीमाचे पराक्रम जन्मभर स्मरणांत राहत.

पुढें १८२२ सालीं शालोपयोगी पुस्तकें तयार करण्यासाठीं मुंबईंत एक मंडळी स्थापन झाली. तिच्या कार्याशीं निगडित असलेले सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८२८ सालीं ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ हीं पुस्तकें मराठींत आणलीं. ‘बाळमित्र’ मूळचें बर्क्विन या फ्रेंच लेखकाचें. तें इंग्रजीच्या वाटेनें इकडे आलें. भाषा सुबोध, पण हेतु नीतिबोधाचा. कोल्हा आणि करकोचा यांच्याशीं मुलाची मैत्री जमते न जमते, तोंच गोष्टीच्या शेवटीं तात्पर्य उभें असे.

या चाकोरीस वळण दिलें तें विनायक कोंडदेव ओक यांनीं. शिक्षणखात्यांत आयुष्य वेंचलेल्या या गृहस्थांनीं १८८१ सालीं ‘बालबोध’ मासिक काढलें आणि १९१४ सालीं देह ठेवीपर्यंत तें चालविलें. कविता, चरित्र, निबंध, शास्त्रीय विषय आणि कांहीं किरकोळ माहिती, असें त्याचें ठराविक रूप असे. बोधाचा हेतु ओकांनींहि सोडला नव्हता. पण मासिक हें परीक्षेचें पुस्तक नव्हे. तें मुलाच्या नांवें घरीं येई, त्याची वाट पाहिली जाई, आणि वाट पाहण्यांतच गोडीचें बीज असतें.

१९०६ सालीं वासुदेव गोविंद आपटे यांनीं पुण्यास नवें मासिक सुरू केलें. बोधाऐवजीं ‘आनंद’ हें नांव निवडून मुलानें कां वाचावें या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं मुखपृष्ठावरच दिलें. १९३० सालीं आपटे निवर्तले. ‘आनंद’ मात्र पुढें अनेक वर्षें घरोघर जात राहिला.

तथापि मासिकाची वर्गणी भरणें ज्यांना शक्य नव्हतें, त्यांच्या मुलांचें काय? याचें उत्तर बडोद्यानें दिलें. महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं १९०६ सालीं संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. परंतु शाळा सुटल्यावर हातीं पुस्तक नसेल तर आलेली अक्षरओळख विसरली जाते, हें त्यांनीं जाणलें. म्हणून १९१० सालीं अमेरिकेंतून बॉर्डन नांवाचे ग्रंथालयतज्ज्ञ आणवून त्यांनीं गांवोगांव वाचनालयें उभारलीं. पेट्यांतून फिरतीं पुस्तकें खेड्यांत पाठविलीं. मध्यवर्ती ग्रंथालयांत तर मुलांसाठीं वेगळें दालन ठेवलें, आणि तेथें पुस्तकांच्या शेजारीं खेळहि मांडले. खेळ आणि ग्रंथ एकाच छपराखालीं नांदूं शकतात, ही त्या काळीं मोठीच गोष्ट होती.

शतकाच्या अखेरीस, १९३३ सालीं, नाशिकच्या तुरुंगांत साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ लिहिली. ती १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. रोज रात्रीं सवंगड्यांना एकेक आठवण सांगावी, अशी तिची रचना. ओसरीवरची जुनी कथा अशा रीतीनें छापील पुस्तकांत परत आली. आणि ती एकट्यानें न वाचतां घरांत मोठ्यानें वाचली जाऊं लागली.

या इतिहासाचें सार थोडक्यांत सांगतां येतें. मुलें वाचूं लागलीं तीं आज्ञेनें नव्हे. पुस्तक हाताशीं होतें, वाचून दाखविणारें माणूस जवळ होतें, आणि शेवटीं कोणी प्रश्न विचारीत नव्हतें, तेथें तीं वाचूं लागलीं. ज्या घरांत ग्रंथ कुलुपांत आणि ज्या शाळेंत ते केवळ परीक्षेपुरते, तेथें शंभर उपदेशांनींहि गोडी उपजत नाहीं. कपाटाची किल्ली मुलाच्या हातीं देणें, हा ओक-आपट्यांच्या श्रमांचा खरा मान होय.