मॅरेथॉनच्या वाटेने आठशे मीटरकडे

१/
रोम ऑलिंपिक, १९६०. भारतीयांच्या स्मरणात ते मिल्खासिंगांच्या हुकलेल्या पदकामुळे राहिले आहे. त्या शर्यतीच्या चार दिवस आधी, २ सप्टेंबरला, त्याच धावमार्गावर ८०० मीटरची अंतिम शर्यत झाली. अखेरच्या सरळ टप्प्यात बेल्जियमचा विश्वविक्रमवीर रॉजर मोएन्स आघाडीवर होता. प्रतिस्पर्धी कुठे आहेत हे पाहण्यासाठी त्याने मान उजवीकडे वळवली. प्रतिस्पर्धी डावीकडून, आतल्या बाजूने आला.

२/
तो होता न्यूझीलंडचा २१ वर्षांचा पीटर स्नेल. वेळ १ मिनिट ४६.३ सेकंद. त्याच दिवशी त्याच्या देशाच्या मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. रग्बी खेळताना झालेल्या दुखापतीने हॅलबर्गचा डावा हात कायमचा अधू झाला होता. पुढे मॅरेथॉनमध्ये बॅरी मॅगीला कांस्य मिळाले. ८०० मीटर, ५,००० मीटर आणि ४२ किलोमीटर हे तीन अगदी वेगळे पल्ले. पण तिघांचा गुरू एकच, आणि सरावाचे रस्तेही तेच.

३/
यातले नवल कळण्यासाठी त्या काळाची रीत ध्यानात घ्यावी लागते. मध्यम पल्ल्याच्या धावपटूने धावमार्गावर वेगाने छोटे अंतर धावावे, थोडी विश्रांती घ्यावी, पुन्हा धावावे. याला इंटरव्हल पद्धत म्हणत. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलरने ती नावारूपाला आणली. त्याचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये ८०० मीटरचा जो विक्रम केला, तो मोडायला १६ वर्षे लागली. अशा पद्धतीवर शंका घेण्याचे कारण कुणाला दिसत नव्हते.

४/
ती शंका घेतली ऑकलंडमधल्या बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका माणसाने. आर्थर लिडियार्डकडे शरीरशास्त्राची पदवी नव्हती, प्रयोगशाळाही नव्हती. ऐन तारुण्यात एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याबरोबर पाच मैल धावताना तो पार गळून गेला, आणि ‘आपण तंदुरुस्त आहोत’ हा त्याचा भ्रम फिटला. मग कित्येक वर्षे त्याने स्वतःच्याच देहावर प्रयोग केले. कधी आठवड्याला फार कमी धावला, कधी अतोनात. अखेर आठवड्याला सुमारे १०० मैल या आकड्यावर तो स्थिरावला. १९५० च्या साम्राज्य क्रीडास्पर्धेत मॅरेथॉन धावताना तो १३ वा आला; पुढे राष्ट्रीय विजेताही झाला.

५/
रविवारी त्याची शिष्यमंडळी ऑकलंडच्या पश्चिमेकडील डोंगरांत वायाटारुआचा फेरा घालत. २२ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर, आणि त्यात चढ असा की सरळ रस्त्याची सवय असलेल्याला घाम फुटावा. ज्याची शर्यत पावणेदोन मिनिटांत संपते, त्याने दोन तासांहून अधिक काळ डोंगर का तुडवायचे?

६/
लिडियार्डचे उत्तर साधे होते. स्नेलला ४४० यार्डांसाठी सुमारे ४८ सेकंद लागत. त्याच्याहून चपळ धावपटू पुष्कळ होते. पण शर्यतीच्या शेवटच्या शंभर मीटरमध्ये सगळेच थकलेले असतात, आणि तिथे मूळ वेगापेक्षा तो वेग टिकवण्याचा दमसास निर्णायक ठरतो. रोममध्ये तर अंतिम फेरी गाठण्यासाठीच आधी तीन फेऱ्या धावाव्या लागल्या. तीन दिवसांत चार शर्यती! चपळांचे पाय जड झाले, तरी डोंगर तुडवलेल्या पायांत जोर उरला होता.

७/
डिसेंबर १९६१ मध्ये या विचाराची सर्वांत धाडसी कसोटी लागली. ऑलिंपिकचा ८०० मीटर विजेता स्नेल चक्क मॅरेथॉन शर्यतीत उतरला आणि सुमारे २ तास ४१ मिनिटांत ती पूर्ण केली. मॅरेथॉनपटूच्या मानाने ही वेळ सामान्यच. पण जेमतेम दोन महिन्यांनी, २७ जानेवारी १९६२ रोजी, वांगानुईच्या गवती मैदानावर त्याने मैलाचा विश्वविक्रम मोडला: ३ मिनिटे ५४.४ सेकंद. ऑस्ट्रेलियाच्या हर्ब एलियटपेक्षा केवळ एक दशांश सेकंद कमी.

८/
आठवडाभराने, ३ फेब्रुवारीला, क्राइस्टचर्चमध्ये, पुन्हा गवतावरच, ८०० मीटर १ मिनिट ४४.३ सेकंदांत. इथे मात्र मोएन्सचा विक्रम तब्बल १.४ सेकंदांनी मागे पडला. याच धावेत पुढे ८८० यार्डांचाही विक्रम झाला.

९/
इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मॅरेथॉन धावली म्हणून विक्रम झाला, असे सरळ गणित मांडले जाते. ते अर्धवट आहे. लिडियार्डच्या आराखड्यात लांब धाव हा पाया होता. त्यावर चढांवरचा सराव, आणि शेवटी धावमार्गावरचे वेगाचे काम. त्याने वेगाला हद्दपार केले नव्हते, त्याची वेळ पुढे ढकलली होती. शिवाय त्या लांब धावाही रमतगमत केलेल्या नव्हत्या. ‘लिडियार्ड म्हणजे हळू आणि लांब’ असे मानणाऱ्या अनेक अनुयायांनी पाया घातला, घर बांधलेच नाही.

१०/
टोकियो, १९६४. स्नेल आठ दिवसांत सहा शर्यती धावला आणि ८०० व १,५०० मीटर अशी दोन्ही सुवर्णपदके घेऊन परतला. पुरुषांत हा दुहेरी विजय १९२० नंतर प्रथमच घडत होता. १,५०० मीटरमधले कांस्यही लिडियार्डच्याच शिष्याला, जॉन डेव्हिसला मिळाले. १९६७ मध्ये लिडियार्ड फिनलंडला गेला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १,५०० मीटर जिंकणारा पेक्का वासाला फिनलंडचाच.

११/
‘का’ या प्रश्नाचा पाठपुरावा पुढे स्नेलनेच केला. धावणे सोडल्यावर तो अमेरिकेत गेला, व्यायाम-शरीरशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि डॅलसमध्ये संशोधक झाला. त्याने दिलेली उपपत्ती अशी: दीर्घ धावेत आधी संथ स्नायुतंतू कामाला लागतात. त्यांतला ग्लायकोजेनचा साठा सरत आला की शरीर वेगवान तंतूंना हाक देते, आणि एरवी क्षणभराच्या झेपेसाठी राखलेले हे तंतू दमसास शिकतात. म्हणजे वायाटारुआच्या शेवटच्या मैलांत, सर्वांत नकोशा वाटणाऱ्या त्या वेळेत, ८०० मीटरच्या शेवटच्या शंभर मीटरची तयारी होत होती.

१२/
१ मिनिट ४४.३ सेकंदांची बरोबरी व्हायला १९६८ उजाडावे लागले. मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या राल्फ डुबेलने ती केली, तीही गवतावर नव्हे, नव्या कृत्रिम धावमार्गावर.